खाते निष्क्रिय, बॉम्ब निकामी, दिवा शांत: 'निष्क्रिय करणे' नेमके कुठे वापरायचे

मराठीत नव्याने भाषांतर करू लागलेल्यांच्या हातून एक चूक फार लवकर होते. मूळ मजकुरात 'डिअ‍ॅक्टिव्हेट', 'डिसेबल' किंवा 'इनअ‍ॅक्टिव्हेट' दिसले की 'निष्क्रिय करणे' लिहायचे आणि पुढे जायचे. मग गजर निष्क्रिय होतो, बॉम्ब निष्क्रिय होतो, वीजजोडणी निष्क्रिय होते आणि एखाद्या मंडळाचा सदस्यसुद्धा. वाचणारा कसाबसा अर्थ लावतो, पण दर वेळी थोडा अडखळतो. काही ठिकाणी तर नुकसानच होते, कारण खाते पुन्हा सुरू करता येणार आहे की ते कायमचे गेले, हे त्या एका शब्दावरून त्याला ठरवायचे असते.

एखादी गोष्ट थांबवणारी, तिचा जोर काढून घेणारी क्रियापदे मराठीत भरपूर आहेत आणि त्यांची कामे वाटलेली आहेत. त्यांतले नेमके कसे निवडायचे आणि 'निष्क्रिय करणे' हेच निवडले तर ते वाक्यात कसे बसवायचे, ते खाली क्रमाने दिले आहे.

आधी शब्द नीट लिहा

निः आणि क्रिया मिळून 'निष्क्रिय'. विसर्गाच्या आधी इ किंवा उ असेल आणि पुढे क, प, फ यांपैकी अक्षर आले, तर विसर्गाचा ष् होतो. निष्काम, निष्पाप, निष्फळ, दुष्काळ हे शब्द त्याच नियमाने बनले आहेत. म्हणून 'निश्क्रिय' आणि 'निस्क्रिय' ही दोन्ही रूपे चूक.

याहून जास्त दिसणारी चूक म्हणजे 'निष्क्रीय'. ती का होते हे कळले की पुन्हा होत नाही. भारतीय, राजकीय, राष्ट्रीय या शब्दांत 'ईय' हा प्रत्यय आहे, म्हणून तिथे दीर्घ ई येते. हात त्या वळणाला सरावलेला असतो आणि इथेही दीर्घ वेलांटी देऊन जातो. पण 'निष्क्रिय' मधला य प्रत्ययाचा नाही, तो 'क्रिया' मधलाच आहे. क्रिया ऱ्हस्व, प्रक्रिया ऱ्हस्व, सक्रिय ऱ्हस्व, तसेच निष्क्रिय.

यावरून दोन नामे बनतात आणि ती एकमेकांच्या जागी चालत नाहीत. 'निष्क्रियता' ही अवस्था आहे, 'निष्क्रियीकरण' ही कृती. 'करण' लागताना आधीच्या विशेषणातल्या शेवटच्या अ चा ई होतो: शुद्ध, शुद्धीकरण, स्पष्ट, स्पष्टीकरण, तसेच निष्क्रिय, निष्क्रियीकरण. 'निष्क्रियकरण' हे रूप व्याकरणात बसत नाही. अर्थात बरोबर असले तरी 'निष्क्रियीकरण' जपून वापरावे. प्रयोगशाळेच्या अहवालात ते शोभते. सामान्य ग्राहकाच्या पडद्यावर 'खाते निष्क्रियीकरण प्रक्रिया' असे लिहिण्यापेक्षा 'खाते निष्क्रिय कसे करावे' हे लिहा. नामांची माळ सोडून क्रियापद परत आणले की मराठी वाक्य लगेच मोकळे होते.

मग उलट क्रियापद शोधा

शब्द निवडण्याची सगळ्यात भरवशाची कसोटी अशी: ती गोष्ट सुरू करताना आपण काय म्हणतो ते आधी आठवा. थांबवण्याचे क्रियापद बहुतेक वेळा त्याच्याच जोडीचे असते.

गजर आपण 'लावतो', म्हणून तो 'बंद करतो'. दिवा लावतो, म्हणून मालवतो किंवा विझवतो. जोडणी देतो, म्हणून ती तोडतो. बंदी घालतो, ती उठवतो. नळ सोडतो, तो बंद करतो. यांतल्या एकाही वाक्यात सुरुवातीला 'सक्रिय करणे' येत नाही, म्हणून शेवटी 'निष्क्रिय करणे' शोभत नाही. याउलट खाते, सिम, पासवर्डाची जादा सुरक्षा, एखादी सशुल्क सेवा या गोष्टी आपण 'सक्रिय करतो'. तिथे 'निष्क्रिय करणे' अगदी आपल्या जागी आहे.

कसोटीतून उत्तर निघाले नाही, तर तीन गोष्टी पाहा. वस्तू जागेवर राहते का? ती पुन्हा सुरू करता येते का? आणि हे कोणी मुद्दाम केले की आपोआप झाले? 'निष्क्रिय' या शब्दात पहिल्या प्रश्नाचे उत्तर नेहमी 'हो' असते. वस्तू असते, तिची क्रिया नसते. दुसऱ्याचे उत्तर निदान खाती आणि सेवा यांच्या बाबतीत तरी 'हो' असावे अशी वाचणाऱ्याची अपेक्षा असते. तिसऱ्याचे उत्तर 'करणे' आणि 'होणे' यांतून द्यायचे असते.

खाती: इथे चूक सगळ्यात महाग पडते

बँकेच्या मजकुरात चार शब्द शेजारी शेजारी येतात आणि नवखा लेखक ते खुशाल अदलाबदल करून वापरतो. खाते 'बंद करणे' म्हणजे व्यवहार संपवून, शिल्लक काढून घेऊन ते कायमचे मिटवणे. खाते 'गोठवणे' म्हणजे न्यायालयाच्या किंवा तपास यंत्रणेच्या आदेशाने त्यातले पैसे काढण्यास मज्जाव करणे. इथे खातेदाराची इच्छा विचारली जात नाही. 'स्थगित करणे' म्हणजे ठरावीक काळापुरते थांबवणे, त्यामुळे या शब्दाबरोबर 'कधीपर्यंत' हे सांगावेच लागते. आणि 'निष्क्रिय' म्हणजे खाते आहे, पैसे सुरक्षित आहेत, पण वापर थांबला आहे.

रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे बचत किंवा चालू खात्यात ग्राहकाने २ वर्षांहून अधिक काळ एकही व्यवहार केला नाही, तर ते खाते निष्क्रिय ठरते. १० वर्षे कोणी हात लावला नाही, तर त्यातली रक्कम ठेवीदारांसाठीच्या एका वेगळ्या निधीत जमा होते. तरीही खातेदाराचा किंवा वारसाचा त्यावरचा हक्क जात नाही. आता अशा खात्याच्या पत्रात 'आपले खाते बंद झाले आहे' असे लिहिले, तर पत्र वाचणारी वृद्ध बाई पैसे बुडाले असे समजेल. शब्दाची निवड इतकी नेमकी का हवी, ते यावरून दिसते.

पॅनचेही तसेच. आधारशी न जोडलेली पॅन १ जुलै २०२३ पासून निष्क्रिय झाली. ती 'रद्द' झाली नाहीत. क्रमांक तोच राहतो, जोडणी केली की तो पुन्हा चालू होतो. 'रद्द' लिहिले असते तर नवा अर्ज करावा लागेल असा अर्थ झाला असता.

समाजमाध्यमांवरच्या खात्यांबाबत दोनच क्रिया पक्क्या ठेवा. परत येण्याची वाट उघडी असेल तर 'निष्क्रिय करा', नसेल तर 'कायमचे काढून टाका' किंवा 'हटवा'. 'कायमचे निष्क्रिय करा' हा प्रयोग टाळा. त्यातले दोन शब्द एकमेकांना विरुद्ध दिशेने ओढतात.

जिथे मराठीने आधीच दुसरा शब्द ठरवला आहे

बॉम्ब आणि सुरुंग मराठीत 'निकामी' करतात. वर्तमानपत्रांत हाच शब्द रुळलेला आहे आणि तो बरोबरही आहे, कारण निकामी म्हणजे पुन्हा त्या कामाला न येणारा. बॉम्ब पुन्हा सक्रिय होण्याची शक्यता वाचणाऱ्याच्या मनात ठेवायची नाही. मात्र पथकाने तो मोकळ्या मैदानात नेऊन उडवला असेल, तर 'निकामी केला' लिहू नका. तिथे 'नियंत्रित स्फोट करून नष्ट केला' हेच खरे.

हाच शब्द शरीरातल्या अवयवांना लागतो: मूत्रपिंड निकामी झाले, यकृत निकामी झाले. इथे 'निष्क्रिय झाले' लिहिले की ते थोडी विश्रांती घेत आहे असे वाटते. अवयव पूर्ण थांबला नसून हळू चालत असेल, तर 'मंदावले' लिहावे. निष्क्रिय आणि निकामी या दोन्ही शब्दांत 'थोडेसे' मावत नाही. दात काढण्याआधी हिरडी 'बधिर' करतात, आणि मोठ्या शस्त्रक्रियेआधी 'भूल देतात'. या दोन्ही ठिकाणी तयार मराठी शब्द असताना संवेदना निष्क्रिय करण्याची काही गरज नाही.

दिव्याबाबत भाषा फार हळवी आहे. आग विझवतात, निखारे विझवतात, मेणबत्ती मालवतात किंवा विझवतात, विजेचा दिवा बंद करतात किंवा बोलण्यात 'लाइट घालवतात'. देवापुढचा दिवा मात्र 'शांत होतो'. तिथे 'विझला' म्हणणे अनेकांना अशुभ वाटते. आग कधी मालवत नाहीत, एवढे लक्षात ठेवले तरी बरेच काम होते.

जहाज, विमान, इंजिन यांना 'सेवेतून निवृत्त करतात'. विराट ही विमानवाहू नौका ६ मार्च २०१७ रोजी नौदलाच्या सेवेतून निवृत्त झाली आणि नंतर अलंगच्या किनाऱ्यावर मोडीत काढण्यात आली. निवृत्त करणे आणि मोडीत काढणे या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत, दोन्हींसाठी एकच क्रियापद वापरले तर मधली तीन-चार वर्षे गायब होतात. समिती आणि विधानसभा बरखास्त होतात, नियम रद्द होतो, आदेशाला स्थगिती मिळते, जुनी नोट चलनातून बाद होते. हे सगळे ठरलेले प्रयोग आहेत, त्यांत हात घालू नये.

ज्वालामुखीसाठी भूगोलाने तीन पायऱ्या दिल्या आहेत: जागृत, निद्रिस्त आणि मृत. अंदमान समूहातल्या बॅरन बेटावरचा ज्वालामुखी जागृत आहे. नुसते 'निष्क्रिय ज्वालामुखी' लिहिले, तर तो झोपलेला की मेलेला, हे वाचणाऱ्याला सांगितलेच नाही असे होते.

विज्ञानात 'निष्क्रिय' चे खरे घर

शास्त्रीय मजकुरात या शब्दाला पर्याय नाही, आणि तिथे तो कसा चालतो ते पाहिले की बाकीचा गोंधळही कमी होतो.

विषाणू पेशीबाहेर स्वतःहून काहीच करू शकत नाही, त्यामुळे त्याला जिवंत म्हणावे की नाही हाच प्रश्न असतो. मग 'विषाणू मारला' असे लिहिण्यापेक्षा 'निष्क्रिय केला' हे जास्त काटेकोर. जोनास साल्क यांची १९५५ मध्ये वापरात आलेली पोलिओ लस अशीच: फॉर्मॅलिनने विषाणू निष्क्रिय केलेला असतो, त्याचा आकार शाबूत राहतो, म्हणून शरीर त्याला ओळखायला शिकते, पण तो वाढू शकत नाही. पोलिओचे तोंडाने देण्याचे थेंब वेगळे. त्यांतला विषाणू जिवंत पण दुबळा केलेला असतो. 'दुबळा केलेला' आणि 'निष्क्रिय केलेला' यांची अदलाबदल आरोग्यविषयक पत्रकात झाली तर ती साधी भाषेची चूक राहत नाही.

दुधाचे उदाहरण याहून सोपे. पाश्चरीकरणात दूध ७२ अंश सेल्सिअसवर १५ सेकंद तापवतात. त्या वेळी रोगकारक जिवाणू 'मरतात' आणि फॉस्फेटेज नावाचे विकर (एन्झाइम) 'निष्क्रिय होते'. जिवाणू सजीव आहेत, म्हणून मरतात. विकर हे प्रथिन आहे, ते मरू शकत नाही, त्याची घडी उलगडते आणि काम थांबते. दूध पुरेसे तापले की नाही हे त्याच विकराच्या चाचणीवरून ठरवतात. एकाच वाक्यात दोन कर्ते, दोन क्रियापदे. भाषांतर करताना दोन्हींना 'नष्ट होतात' लावून मोकळे होऊ नये.

रसायनशास्त्रात मात्र हा शब्द एका जागेवरून मागे सरला. हेलियम, अरगॉन, झेनॉन यांना पूर्वी 'निष्क्रिय वायू' म्हणत. १९६२ मध्ये नील बार्टलेट यांनी झेनॉनचे संयुग बनवून दाखवले आणि 'यांची क्रियाच होत नाही' हे विधान खोटे ठरले. मराठी पाठ्यपुस्तकांत आता 'राजवायू' दिसतो. आम्ल आणि आम्लारी एकत्र आले की ती 'उदासीन' होतात, निष्क्रिय नव्हे.

'बंद' आणि त्याच्या पाठीमागची छोटी क्रियापदे

बहुतेक घरगुती वापरात 'बंद' पुरतो. पण 'बंद' ला कोणते क्रियापद जोडले, यावर सगळा अर्थ फिरतो, आणि मराठी शिकणारे नेमके इथेच घसरतात.

'पंखा बंद केला' यात कोणीतरी मुद्दाम बटण दाबले. 'पंखा बंद झाला' यात वीज गेली असेल, वेळ संपली असेल. दोष कोणाचा नाही. 'पंखा बंद पडला' म्हणजे बिघडला. 'बंद ठेवला' म्हणजे चालू करता आला असता, पण केला नाही. आणि 'बंद पाडला' यात जबरदस्ती आहे: आंदोलकांनी काम बंद पाडले, विरोधकांनी सभा बंद पाडली. यंत्रणेच्या सूचनेत 'सर्व्हर देखभालीसाठी बंद पडला आहे' असे लिहिले, तर देखभाल करणाऱ्यांनीच तो मोडला असे वाचले जाते. तिथे 'बंद ठेवला आहे' हवे.

'निष्क्रिय' बरोबर ही सगळी क्रियापदे येत नाहीत. करणे, होणे, ठेवणे, राहणे एवढीच चालतात. 'निष्क्रिय पडले' किंवा 'निष्क्रिय पाडले' असे मराठीत कोणी म्हणत नाही. त्यामुळे बिघाड किंवा बळजबरी सांगायची असेल, तर 'बंद' कडेच परत यावे लागते.

'अक्षम करा' हा शब्द मोबाइलच्या मराठी पडद्यांवर बराच दिसतो. तो टाळावा असे आमचे स्पष्ट मत आहे. मराठीत अक्षम म्हणजे असमर्थ, आणि तो शब्द माणसाच्या कुवतीविषयी वापरला जातो. ब्लूटूथ असमर्थ होत नाही, ते बंद होते.

वाक्यात बसवताना

'निष्क्रिय' हे विशेषण लिंगवचनाप्रमाणे बदलत नाही. बदलते ते 'करणे'. भूतकाळात ते कर्माच्या मागे जाते: खाते निष्क्रिय केले, सुविधा निष्क्रिय केली, संच निष्क्रिय केला. अनेकवचनात खाती निष्क्रिय केली, सुविधा निष्क्रिय केल्या, संच निष्क्रिय केले. कर्माला 'ला' लागला की ही जुळणी सुटते आणि क्रियापद नपुंसकलिंगी एकवचनात थांबते: विषाणूला निष्क्रिय केले, विषाणूंना निष्क्रिय केले.

संगणकासाठी मजकूर लिहिणाऱ्यांची खरी अडचण इथे सुरू होते. वाक्यात मोकळी जागा असते आणि तिथे यंत्र कोणतेही नाव भरते. '… निष्क्रिय केले' असे लिहिले तर त्या जागी 'सूचना' आल्यावर वाक्य मोडते. उपाय असा की मोकळ्या जागेनंतर स्वतःचे एक ठरलेले नाम ठेवायचे आणि क्रियापद त्याच्याशी जुळवायचे: '… ही सुविधा निष्क्रिय केली', '… हे खाते निष्क्रिय केले'. आत काहीही आले तरी वाक्य शाबूत राहते.

बटण आणि स्थिती यांत फरक दिसलाच पाहिजे. नुसते 'निष्क्रिय' लिहिले तर ते आत्ता निष्क्रिय आहे की दाबल्यावर होईल, हे कळत नाही. बटणावर 'निष्क्रिय करा', स्थितीच्या जागी 'निष्क्रिय आहे', आणि खात्री करून घेताना 'हे खाते निष्क्रिय करायचे आहे का?' असे पूर्ण विचारा. उत्तराच्या बटणांवर 'हो' आणि 'नाही' पेक्षा 'निष्क्रिय करा' आणि 'राहू द्या' ही जोडी चांगली. घाईत दाबणाऱ्यालाही आपण काय करतो आहोत ते दिसते. इथे दुसऱ्या बटणावर 'रद्द करा' लिहिण्याची सवय घातक आहे, कारण खाते रद्द होणार असे समजून लोक थबकतात.

'निष्क्रिय करण्यात आले आहे' ही रचना कार्यालयीन पत्रांत सर्रास येते. तिच्यात कर्ता लपतो. नियमानुसार कारवाई झाली असेल तेव्हा ती चालेल, पण ग्राहकाला पुढे काय करायचे ते सांगायचे असेल, तर कारण आणि उपाय दोन्ही उघड लिहा: 'आपण २ वर्षांत एकही व्यवहार न केल्यामुळे हे खाते निष्क्रिय झाले आहे. ओळखीची कागदपत्रे देऊन ते पुन्हा सुरू करता येईल.' विशेषणातही हीच काळजी घ्या. 'निष्क्रिय खाते' ही नुसती अवस्था, 'निष्क्रिय झालेले खाते' म्हणजे वापराअभावी, 'निष्क्रिय केलेले खाते' म्हणजे कोणीतरी ठरवून.

माणसांना हा शब्द लावताना

'निष्क्रिय प्रशासन', 'निष्क्रिय पदाधिकारी' या प्रयोगांत आळसाचा, कर्तव्य टाळल्याचा ठपका आहे. वस्तूंना लावताना हा शब्द निर्विकार असतो, माणसांना लावला की तो दोष देतो. म्हणून सदस्यांच्या यादीत 'निष्क्रिय सदस्य' असा रकाना करू नका. ती व्यक्ती आजारी असेल, परगावी असेल. 'सदस्यत्व सध्या निष्क्रिय' असे लिहिले की शब्द माणसावरून उतरून नोंदीवर जातो. कर्मचाऱ्यावर कारवाई झाली असेल तर तो 'निलंबित' असतो, काम सोडले असेल तर 'कार्यमुक्त'. त्याचे संगणकावरचे खाते तेवढे निष्क्रिय करतात. तेव्हा 'वापरकर्ता निष्क्रिय केला' असे आले, तर 'वापरकर्त्याचे खाते निष्क्रिय केले' अशी दुरुस्ती करावी.